सासू, जावई, सून आणि सहाण

यंदा आमच्या बिल्डिंगमधल्या बाप्यांचे हात बघण्यासारखे झाले होते. मनगटापासून कोपरापर्यंत एक पट्टा गुळगुळीत, मग केस, मग पुन्हा गुळगुळीत. पहिल्या मजल्यावरच्या बँकवाल्यांना तर ऑफिसात कुणीतरी आपणहून त्वचेच्या डॉक्टरचा नंबर दिला. रोगबिग काही नव्हता. आमचे घरमालक नंदूकाका वस्तऱ्याची धार तपासत होते.

नंदूकाका म्हणजे नंदकुमार, वय बासष्ट, राहणार तळवली गाव. गावाची शेतं गेली, मिठागरं गेली, आणि काकांच्या वडिलांच्या अंगणात आता आमची चार मजली बिल्डिंग उभी आहे. तळमजल्यावर काका, वर आम्ही भाडेकरू. काकांनी बत्तीस वर्षं ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कारखान्यात ग्राइंडिंग मशीन चालवलं. कारखाना बंद झाला, मशीन भंगारात गेलं, पण काकांच्या कानातून काही ते गेलं नाही. कुठूनही घासल्याचा आवाज आला की ते हातातलं काम टाकतात, डावा डोळा मिटतात आणि मान उजवीकडे पाडतात.

"गोजरा, मिक्सरचा बेरिंग गेलाय."

आतून गोजराकाकू, "बेरिंग नाय, खोबरा हाय त्यान."

काका आगरी बोलतात. त्या बोलीत ण नाही, ळ नाही, शब्दाच्या मध्ये ड आला की त्याचा र आणि गेलोचं जेलू. म्हणजे दगड नव्हे, दगर. डोळे नव्हे, डोले. नक्कल करायला हे फार अवघड, कारण काका कितीही तापले तरी ऐकणाऱ्याला वाटतं लाडच चाललेत. मला हे जमायला सहावीपासून अकरावीपर्यंत वेळ लागला. आई म्हणते, तेवढ्यात फिजिक्स झालं असतं.

काकांबद्दल अजून एकच गोष्ट आधी सांगायला हवी. त्यांचे केस. बासष्टाव्या वर्षी डोक्यावर असा काळाभोर, दाट, डावीकडून भांग पाडलेला डोंगर अख्ख्या तळवलीत दुसऱ्या कुणाच्या नाही. काळेपणा बाटलीतला आहे हे सगळ्यांना माहीत आहे, पण दाटपणा स्वतःचा. शर्टाच्या खिशात पेन असेल नसेल, कंगवा असतोच. लग्नात फोटोग्राफर "रेडी" म्हणाला की सगळे पोट आत घेतात, काका कंगवा बाहेर काढतात.

तर या सगळ्याची सुरुवात एका कुंकवाच्या डब्यातून झाली. त्या डब्यात काकांच्या आजोबांचा वस्तरा होता. हाडाच्या मुठीचा, जर्मन, आजोबांनी ठाण्याहून आणलेला. या वस्तऱ्यानं काकांच्या वडिलांचं जावळ काढलं, काकांचं काढलं, दिपेशदादाचंही काढलं. आता दिपेशदादाच्या मुलाला एप्रिलअखेर अकरावा महिना लागणार होता, आणि काकांनी जाहीर केलं की नातवाचं जावळसुद्धा याच वस्तऱ्यानं निघेल.

सुचितावहिनी म्हणजे दिपेशदादाची बायको. तिनं ट्रिमरचा डबाच टेबलावर आणून ठेवला. "पप्पा, हे बघा. झीरो नंबर, पाच मिनिटांचं काम. आणि हायजिनिक."

"ट्रिमर गवताला," काका म्हणाले. "पोराला वस्तरा."

"गंजलाय तो!"

"गंज नाय तो. वय हाय."

भांडण गोजराकाकूंकडे गेलं. गोजराकाकू म्हणजे या घरातलं शेवटचं कोर्ट, वर अपील नाही. त्या भाकरी थापता थापताच निकाल देतात, आणि थाप मोठी पडली की समजायचं सुनावणी संपली. "शिवराम व्हय बोलला, तर वस्तरा." थाप. "शिवराम नाय बोलला, तर सुचिताचा मशीन." मोठी थाप.

शिवरामबाबा म्हणजे गावातले जुने न्हावी. मूळ महाडकडचे, दोन खुर्च्यांचं दुकान, वय सत्तरीच्या पुढे. दिपेशदादाचं जावळ त्यांनीच काढलं होतं. हल्ली दुकानात सगळीकडे असतो तसा अर्ध्या ब्लेडचा वस्तरा, गिऱ्हाईक उठलं की ब्लेड डब्यात. खऱ्या वस्तऱ्याला त्यांनी वीस वर्षांत हात लावला नव्हता. त्यांच्या हातात कात्री कायम असते, आणि प्रत्येक वाक्याला ते हवेत कात्री चालवतात. जिथे आपण पूर्णविराम देतो तिथे त्यांचं कच्.

त्यांनी वस्तरा उघडला. नखावर टेकवला. "नंदूशेट, ह्यानं लोनी बी कापायचं न्हाय." कच्. "तुमच्या पोराच्या येळंला माझा निसणा व्हता, धारेचा दगड. तो लेकीनं नेला. कोयत्याला." कच्. "आता तुमी धार लावून आना. मी केस टेकवून बगनार. एका टोकाला धरलेला केस पात्यावर नुस्ता टेकला, आन् तुटला, तर पोराच्या डोक्याला लावीन. न्हायतर न्हाय." कच् कच्.

एवढंच. एक केस. त्याच्यावर चार पिढ्या अडकल्या.

काकांनी आधी हार्डवेअरच्या दुकानातला काळा दगड आणला. त्यावर घासलेल्या वस्तऱ्यानं काकांच्या गालावर असा नकाशा काढला की गोजराकाकूंनी हळद लावताना विचारलं, "मांजर कंची होती?" मग दिपेशदादानं त्यांना मोबाइलवर जपानचे व्हिडिओ लावून दिले, आणि काका गेले ते गेलेच. जपानात क्योटोच्या बाजूच्या डोंगरांतून म्हणे धार लावायचे दगड निघतात. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी बसलेली माती. इतकी बारीक की वस्तऱ्याच्या धारेला शेवटचा हात त्याच दगडाचा. व्हिडिओतला म्हातारा दगडावर पाणी सोडायचा आणि दर दोन मिनिटांनी "हाय, हाय" म्हणायचा. काकांना हा माणूस पहिल्या दिवशीच आवडला. "बग, जपानी हाय, पन आपल्यातलाच हाय."

सगळ्यांनी सांगितलं, कारखान्यात बनवलेले दगड घ्या, नंबर छापलेला असतो, भानगड नाही. काकांना ते पटेना. ओट्यावर मांडी घालून ते मला समजावत, "मशीनचा दगर म्हंजे साच्यातला. सगले सारके. डोंगरातला दगर म्हंजे मानूस. नाव बगून, रंग बगून काय कलत नाय. त्याच्या संगती र्‍हावा लागतो."

डिसेंबर ते मार्च तीन पार्सलं आली, आणि काका तीन दगडांसंगती राहू लागले.

मागच्या दारी पाण्याच्या टाकीपाशी त्यांची प्रयोगशाळा होती. आधी दगडाला बोटाच्या पेरानं टकटक, एक डोळा मिटून. मग वर चमचाभर पाणी. उभं राहतं की दगड पिऊन टाकतो. मग अंगठा फिरवून बघायचा, मध्ये कुठे खर लागते का, कारण एक कण टोचला तरी धारेला दात पडतो. मग बोटाएवढा छोटा दगड त्यावर घासून चिखल काढायचा, त्या चिखलावर वस्तरा चालवायचा, आणि चिखल किती लवकर काळा होतो ते बघायचं. काळा झाला म्हणजे पोलाद खातोय. शेवटी सोनाराचं भिंग डोळ्याला लावून धार बघायची. हे सगळं झाल्यावर काका नुसते बसत आणि दगडाकडे बघत, मुलगी बघायला आल्यासारखे.

पहिला दगड काचेसारखा कडक निघाला. पाणी वर तसंच, चिखल सुटेना, तासभर घासलं तरी वस्तऱ्यावर ढिम्म. काकांनी त्याचं नाव सासू ठेवलं. दुसरा मऊ, पाणी ओतलं की प्यायचा, अंगभर चिखल सोडायचा, आणि धार अर्ध्यावर टाकायचा. तो जावई. तिसरा आला तो हिरवट पिवळा, गुपचूप. पाणी थोडं घेतलं, चिखल थोडा दिला, आणि वस्तरा त्याच्यावरून जाताना आवाज असा यायचा, जसा रेशमी साडीच्या घडीवरून कुणी नख ओढतंय. काकांनी दगडावरून हळूच अंगठा फिरवला. मग म्हणाले, "ही सून. बोलत नाय, काम करते."

खिडकीतून सुचितावहिनी, "ऐकू येतंय हं पप्पा."

"चांगलाच बोल्लू ना!"

पण सूनच उत्तम हे सिद्ध कसं करायचं? तर हाताच्या केसांवर. प्रत्येक दगडाची धार वेगळी, म्हणून प्रत्येक दगडाला हाताचा वेगळा पट्टा. काकांचा डावा हात जानेवारीत संपला, उजवा फेब्रुवारीत, पोटऱ्या होळीपर्यंत. मग ते भाडेकरूंकडे वळले. जिन्यात उभे राहायचे, टॉवेलात वस्तरा गुंडाळून, आणि तोंडावर एवढा गोड भाव की पाणी भरायला निघालेला माणूस बाही वर करून परत यायचा. तिसऱ्या मजल्यावरचे अंकुशदादा आमच्या गावाकडचे, परभणीचे. ते एकदा म्हणाले, "काका, मागच्या खेपेचंच उगवलं नाही अजून, कशाला म्हणून हात लावू देऊ?" काका म्हणाले, "मागच्या वेली जावय होता. आज सून हाय." अंकुशदादांनी हात पुढे केला. कोण जावयाची खूण हातावर ठेवून फिरेल?

तुटून पडणाऱ्या केसाच्या परीक्षेला मात्र लांब केस लागायचे, आणि तिथे बायकांची पाळी. "एक केस दे गो बाय," म्हणून काका कुणाच्याही फणीकडे बघायचे. केसांवरही त्यांचं संशोधन होतं. माझा केस जाड, तो लवकर तुटतो, म्हणजे परीक्षा सोपी, म्हणून बाद. सुचितावहिनीचा पार्लरमध्ये सरळ केलेला, तो बेइमान. खरी परीक्षा जाईबाईंच्या केसाची. जाईबाई काकांच्या आई, वय शहाऐंशी, सकाळपासून ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत. त्यांचा पांढरा केस एवढा बारीक की तो पात्यावर पडायचा आणि पात्यालाच कळायचं नाही. "ने, ने," जाईबाई म्हणायच्या, "मेल्यावर नेशील ते आताच ने."

एप्रिलच्या शेवटी जाईबाईंच्या दहा केसांतले चार तुटायला लागले. जावळाचा रविवार ठरला. वहिनीचा भाऊ उरणहून येणार होता, बाळाला मांडीवर घेऊन बसायला. शुक्रवारी शिवरामबाबांना वस्तरा दाखवायचा होता.

आणि शुक्रवारी सकाळी काकांच्या अंगात कारखान्यातली टूलरूम आली.

"आमचा फोरमन बोलायचा, डोले उघरे ठेवलं का मानूस दगराचा रंग बगतो, काम नाय बगत. शेवटचा हात डोले बांधून." त्यांनी गमछा डोळ्यांवर बांधला, टाकीपाशी पाटावर बसले आणि मला हाक मारली. "बाय, कठऱ्यावरचे तीन दगर एकेक हातान दे. नाव नको सांगू. मी वलखतो."

कठड्यावर तीन दगड होते, तिन्ही टाकीच्या पाण्यानं ओले, तिन्ही मातकट. मी एक दिला. काकांनी दोनदा टिचकी मारली. "सासू." बरोबर. दुसरा दिला. "जावय. पानी प्याला बग." बरोबर. तिसरा दिला. काकांनी अंगठा फिरवला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं की मी मोबाइल काढून फोटोच घेतला.

"ही," ते हळूच म्हणाले. "किती गुलगुलीत झाली गो. हाताची सवय झाली तिला." मग नाक जवळ नेलं. "आनि वास घे. डोंगराचा वास. कोटी वरसांचा हाय."

मी वास घेतला. वास मला ओळखीचा वाटला, पण क्योटोचा डोंगर मी तरी कुठे हुंगला होता?

काकांनी त्या दगडावर दोनशे हात मोजून मारले. डोळे बांधलेले, मान उजवीकडे. मग वस्तरा चामड्यावर ओढला, फडक्यात गुंडाळला आणि दगडाकडे न बघता, गमछा सोडतच स्कूटरकडे गेले. मागे मी. असला देखावा कोण सोडतं!

दुकानात शिवरामबाबांनी कात्री खाली ठेवली. जाईबाईंचा केस काकांनी पाकिटात घालून आणला होता. शिवरामबाबांनी केस एका टोकाला धरला, पात्यावर टेकवला. केस पात्यावर आडवा झाला आणि खाली घसरला. पुन्हा टेकवला. पुन्हा घसरला. मग त्यांनी स्वतःच्या हातावर पातं ओढलं. हातावरचे केस एका बाजूला झोपले, जसा भांग पाडावा, आणि परत उठले.

काकांचा चेहरा बघवेना. "मंगलवारी चार तुटलं, शिवराम, मंग आज सकालीच घासला. आईची शपथ."

"आईचा केस हाय, शपथ तरी तिची घालू नका." शिवरामबाबांनी पातं वर केलं, थांबले, नाकाजवळ नेलं. एकदा हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग फार काळजीनं विचारलं, "नंदूशेट, घरात बाळाला जुलाब लागल्यात काय वो?"

"नाय. कशाला?"

"वस्तऱ्याला जायफळाचा वास येतोय."

तेव्हा मला तो डोंगर ओळखू आला. आमच्या घरी माझा धाकटा भाऊ लहान होता तेव्हा हाच डोंगर रोज सकाळी उगाळला जायचा. मुरडशेंग, वेखंड, हळकुंड, जायफळ, बदाम. बाळगुटी!

काकांनी स्कूटर कशी चालवली ते मी लिहीत नाही, आई हे वाचणार आहे. घरात शिरलो तर गोजराकाकू स्वयंपाकघरात मांडी घालून बसल्या होत्या. पुढ्यात वाटीत दूध, हातात हळकुंड, आणि खाली क्योटोच्या डोंगरातून, समुद्राच्या तळातून, बोटीतून आणि कस्टममधून आलेली सून. पिवळीधमक.

"गोजरा!"

"बोंबलू नको, पोर झोपलाय."

"तो दगर माजा हाय!"

"तुजा?" काकूंनी दगड उचलून बघितला. "बुधवारी सहान धुवून कठऱ्यावर ठेवली. घ्याला जेलू त हीच हाताशी आयली. मना वाटला, धुतली म्हनून चकाकली." आणि मग, अगदी मनापासून, "पन गुटी काय येते रे हिच्यावर! लोन्यासारकी. पोरानं तीन दिस थुकला नाय."

काकांनी दगड हातात घेऊन हुंगला. म्हणजे गेले तीन दिवस बाळाला गुटी जपानच्या दगडावरची, आणि आज सकाळी वस्तऱ्याला धार जाईबाईंच्या माहेरच्या सहाणेवरची. सत्तर वर्षं गुटी उगाळून गुळगुळीत झालेली सहाण. डोळे बांधून काकांनी तिलाच सून म्हणून ओळखलं होतं. ओट्यावरून जाईबाईंनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "वलखली त बरोबर. सहान माज्या बापाची. मी या घरची सूनच ना?"

काका हसले नाहीत. सुचितावहिनीसुद्धा हसली नाही, यावरून समजा. ट्रिमरचा डबा चार्जिंगला लागला होता, छोटा हिरवा दिवा चालू. काका त्या दिव्याकडे बघत होते. "बदामाचा तेल हाय त्यान," ते कुणालाच न सांगता म्हणाले. "दगर तेल प्याला म्हंजे संपला."

मग वहिनीच उठली. तिनं रिठे भिजवले, जुना टूथब्रश आणला आणि टाकीपाशी बसून दगड घासायला लागली. वास जाईपर्यंत चार पाणी. "कडक दगड आहे पप्पा, आत गेलं नसेल," ती म्हणाली. "आणि मी ट्रिमर तुमच्यासाठी चार्जिंगला लावला नव्हता. यांची दाढी राहिलीये." पिवळा डाग मात्र राहिला. आजही आहे.

शनिवारी शिवरामबाबा स्वतः घरी आले. त्यांना वस्तऱ्याची दया आली की दगडाची उत्सुकता, माहीत नाही. पाटावर बसले, दगडावर पाणी सोडलं, आणि वीस वर्षांनी पातं सपाट टेकवलं. कात्री ते दुकानातच ठेवून आले होते, त्यामुळे फारसे बोलत नव्हते. वाक्य संपवायचं कसं हाच प्रश्न असावा. सहाणेनं धारेचं जे काही केलं होतं ते काढायला आधी जावई, आणि मग सून. काका शेजारी, डावा डोळा बंद. खर्र, खर्र. मग सर्र, सर्र. मग नुसतं श्श.

"बस," काका म्हणाले.

"अजून धा."

"बस बोल्लू ना. बोलायची थांबली ती. आता घासशील त बिगरवशील."

शिवरामबाबांनी ऐकलं. जाईबाईंचा केस पात्यावर टेकवला. केसाचा अर्धा तुकडा हातात राहिला आणि अर्धा पाण्यात पडला, इतका हळू की आम्ही अजून वाटच बघत होतो. दुसरा केस. तुटला. पाच टेकवले, पाचही तुटले.

काका उठून नाचणार तेवढ्यात शिवरामबाबा म्हणाले, "वस्तरा पास. हात न्हाय."

"म्हंजे?"

"माझा हात वो. वीस वर्सं खरा वस्तरा डोक्यावर धरला न्हाय. ही धार म्हंजे साप हाय. येकदम पोराच्या टाळूवर न्हाय धरनार मी. आदी येक डोकं पायजे. दाट केसाचं."

गोजराकाकूंनी काकांच्या डोक्याकडे बघितलं. मग वहिनीनं बघितलं. मग मी. जाईबाईंना नीट दिसत नाही, पण त्यांनीही त्याच दिशेला बघितलं.

"मी नाय," काका म्हणाले. हात आपोआप कंगव्याकडे गेला. "उद्या फोटो हायत. पावने हायत."

स्वयंपाकघरातून थाप ऐकू आली. मोठी.

रविवारी सकाळी सात वाजता काका शिवरामबाबांच्या खुर्चीत बसले. बसण्याआधी आरशात बघून त्यांनी एकदा नीट भांग पाडला. का, ते मी विचारलं नाही. वीस मिनिटांत तो डोंगर जमिनीवर आला. एक ओरखडा नाही, रक्ताचा टिपूस नाही. शिवरामबाबांनी कात्री हातात घेऊन तीनदा वाजवली. परवानगी मिळाली.

काका इतके खूश होते की डोकं झाकायचं त्यांच्या लक्षातच आलं नाही. ते तसेच स्कूटरवरून घणसोलीच्या बाजारात फुलं आणायला गेले. जाताना गाव, येताना गाव. आणि गावानं बघितलं की नंदकुमारनं डोकं भादरलंय, स्कूटरच्या हँडलला झेंडू लटकतायत, चेहरा रडून रडून तुकतुकीत झालाय. ज्या माणसाचे केस बापाच्या दहाव्यानंतर कधी कमी झाले नाहीत, त्याचे केस गेले म्हणजे एकच अर्थ.

साडेनऊला कोपऱ्यावरून आवाज आला. शालनमावशींचा. गावात कुणी गेलं की पहिला आवाज त्यांचा. वरच्या पट्टीत सुरू करतात आणि दारापर्यंत खाली आणतात. "आगो माजे जाईबाय गोऽऽ! कशी जेलीस गो! माज्या पोरीच्या लग्नान तू रात्रभर पापर लाटलंस गोऽऽ!" मागे पंधरा बायका पदर तोंडाला लावून.

ओट्यावर जाईबाई वालाच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी शेंग खाली ठेवली आणि मान पुढे करून ऐकायला लागल्या. शालनमावशी डोळे मिटूनच रडतात, त्यामुळे पायरीपर्यंत आल्या तरी त्यांना पत्ता नाही. "कवा कुनाला वाकरा शबूद बोलली नाय गोऽऽ!"

"बोलली," जाईबाई म्हणाल्या. "तुलाच बोलली. दोनदा."

शालनमावशींचा सूर होता तिथेच लटकला. मागच्या पंधरा जणी एकमेकींवर आपटल्या. जाईबाईंनी त्यांच्याकडे बघितलं, मग नुकत्याच स्कूटरवरून उतरलेल्या टकल्या मुलाकडे, आणि विचारलं, "नंदू, मी मेली काय रे? मना कुनी सांगलाच नाय."

मग जे झालं त्याला शब्द नाहीत. काका शपथा घालत होते, गोजराकाकू हसून हसून भिंत धरून बसल्या होत्या, शालनमावशी संतापल्या होत्या की केस काढायचे तर आधी गावाला कळवायला नको? एकट्या जाईबाई शांत होत्या. "आयलाय त बसा," त्या म्हणाल्या. "जावल हाय, जेवन हाय. आनि शालन, पापराचा ते खरा हाय. अजून काय काय बोलनार होतीस ते सांग."

अकरा वाजता बाळ मामाच्या मांडीवर बसलं. रडायला आलेल्या सगळ्या बायका आता गोल करून बसल्या. शिवरामबाबांनी पाण्यानं डोकं भिजवलं, वस्तरा उघडला. काका समोर पाटावर, डावा डोळा मिटून, मान उजवीकडे. मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकलं. वस्तऱ्याचा आवाजच नव्हता. बाळाला डोक्यावरून काय गेलं ते कळलं नाही. ते समोर बघत होतं. समोर आजोबाचं टक्कल होतं, उन्हात चकाकणारं. बाळानं हात लांब करून त्यावर एक चापट मारली आणि खदाखदा हसलं, आणि शिवरामबाबांनी त्या हसण्याच्या आत शेवटचा हात फिरवून वस्तरा मिटला. वहिनीनं पदरानं डोकं पुसून बघितलं, पुढून, मागून, कानामागून. काही नाही. एक रेघ नाही.

"हायजिनिक," काका म्हणाले. अगदी तिच्याच आवाजात. मी तर उडालेच. मला वाटत होतं या बिल्डिंगमध्ये नकला करणारी मी एकटीच आहे.

वस्तरा परत कुंकवाच्या डब्यात गेला. सासू आणि जावई कपाटावर आहेत. सून मात्र काकांना परत मिळालेली नाही. ते रोज मागतात, आणि गोजराकाकू रोज सांगतात की पोर गुटी थुंकायला लागेल. तुला धार लावायचीच असेल तर सहाण घे, डोळे बांधून तुला तीच आवडली होती. काकांच्या डोक्यावर आता अर्धा इंच पांढरं उगवलंय आणि बाळाच्या डोक्यावर अर्धा इंच काळं. संध्याकाळी दोघं ओट्यावर बसतात, आणि आत मुरडशेंग उगाळायला सुरुवात झाली की काका मान उजवीकडे पाडून सुनेचा आवाज ऐकतात. हल्ली बाळही डावा डोळा मिटतं. काकांपेक्षा चांगला.